निळी रेघ

तेता मिलोय्का, वय ब्याऐंशी,
झाडाखाली पडलेले पेअर वेचत होती
आणि त्यातल्या एकाच्या आत गांधीलमाशी जेवत होती.

उजव्या गालावर, डोळ्याच्या बोटभर खाली.
तिनं शिवी हासडली, इटालियनमध्ये
(ती भाषा ती तेवढ्यासाठीच राखून आहे),
कांद्याची चकती दाबली,
मुरंब्याच्या बरण्या उकळत ठेवल्या.
"माशीच ती. दोन दिवसांत उतरेल."

तिसऱ्या दिवशी गाल ताणलेला, चकाकता,
संत्र्याच्या सालीसारखा छिद्राछिद्रांचा,
हात लावावा तर तवा.
डोळ्याच्या जागी कणकेत नख रुतावं तशी एक फट.
तिचाच कुत्रा दारात तिच्यावर गुरगुरला.

डॉक्टर हुमार तरुण आहे, कमी बोलते.
खिशातला निळा पेन काढून
तिनं लालीच्या कडेकडेनं रेघ ओढली,
कानाच्या पाळीपासून नाकाशी, तिथून जबड्यावर.
"लाली हिच्या आत राहिली तर गोळ्या पुरतील.
बाहेर आली, डोळा फिरवताना दुखलं,
एकाचे दोन दिसले,
तर सकाळची वाट बघू नका."

तेता आरशात बघत राहिली.
मग हसली, हलत होतं तेवढ्या तोंडानं.
"सत्तेचाळीस साली असंच एक पोरगं आलं होतं.
गणवेश ढगळ, हातात चुन्याची बादली.
आमच्या अंगणातून रेघ मारत गेलं.
खुराड्याला वळसा घातला, गोठ्याला नाही.
गाय चारा इटलीत खायची
आणि शेण युगोस्लाव्हियात टाकायची.
विहीर तिकडे गेली.
नेझा तिकडे गेली.
मामीकडे झोपायला गेली होती त्या रात्री, एवढंच."

नेझा म्हणजे तिची बहीण.
या घरात ते नाव मी त्याआधी दोनदाच ऐकलं होतं.

रात्रीचा पहारा माझा, दर दोन-तीन तासांनी टॉर्च.
बारा वाजता: आत.
अडीचला: आत, पण रेघेला टेकून,
बांधावर येऊन उभ्या राहिलेल्या शेजाऱ्यासारखी,
अजून काही बोलत नाही.
पावणेपाचला वाटलं, शाईच फिकी झालीय.
शाई होती तिथेच होती.
एक जीभ कानामागे गेली होती,
दुसरी सरळ भुवईकडे.
मी दोन बोटांनी तिची पापणी उचलली.
"तेता, माझ्या बोटाकडे बघ."
"कुठल्या?"

शेंपेतरचा रस्ता, धुकं, तिसऱ्या गिअरमध्ये रडणारी गाडी.
मग सुया, सलाईन, स्कॅन,
डोळ्यामागे साचलेला पू,
आणि रात्रपाळीच्या डॉक्टरनं
निळीच्या बाहेरून ओढलेली दुसरी रेघ, काळी.
दोन्हींच्या मधे बोट ठेवून
तिनं नर्सला विचारलं,
"ही पट्टी कुणाची?"
नर्सनं कागदावर लिहिलं: रुग्णास भ्रम.

अकरा दिवसांनी घरी आली.
डोळा वाचला. चिरा दिल्याचा व्रण
खालची पापणी ओढून धरतो,
ती नीट मिटत नाही, पाणी वाहत राहतं.
बेकरीत बायका हात हातात घेतात,
पाववाला एक पाव जास्त देतो.
ती कुणालाच काही सांगत नाही. पाव घेते.

संतांच्या दिवशी मेणबत्त्या घेऊन
आम्ही पलीकडच्या कबरस्तानात निघालो.
नाक्यावर हल्ली पुन्हा पोलीस असतात.
एकानं ओळखपत्र पाहिलं, तिच्याकडे पाहिलं,
पुन्हा ओळखपत्र पाहिलं.
"या तुम्हीच का?"
"अर्धी," तेता म्हणाली.

नेझाच्या कबरीवर वारा होता,
काडी तिसऱ्या वेळी पेटली.
उजवा डोळा वाहत होता, नेहमीसारखा.
मी रुमाल हातातच धरून
डाव्याकडे बघत उभी राहिले.